तीन नंबरचा कॅमेरा

बिराजदारबाई तहसीलमध्ये टायपिस्ट होत्या,
त्यामुळे तक्रारही मुद्देसूद:
"मंगळवारी अपडेट आलं. बुधवारपासून कॉम्प्युटर जड.
अन् रोज पहाटं चारच्या मागंपुढं
हे बंदच पडूलालंय. नेमका नळाचा टाइम."

नळ दहा दिवसांतून एकदा येतो
लातुरात औसा रोडच्या त्या गल्लीत.
कधी तीनला, कधी पाचला.
मागच्या उन्हाळ्यात हौदाला कुणीतरी पाइप लावून
अर्धं पाणी नेलं,
तेव्हा मीच बसवले होते चार कॅमेरे:
गेट, जिना, स्कूटी, हौद.
सोन्याच्या कपाटाकडे एकही नाही.

बिलाच्या मागं मेमरीचा आकडा लिहून घेतला.
साडेनऊला सहाशे.
दहाला अकराशे.
चहा झाला तेव्हा सतराशे.
भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखा,
बघत बसलं तर काही हालत नाही,
नजर काढली की दुप्पट.

सगळं केलं जे करतात.
अँटिव्हायरसला गप्प बसवलं, ड्रायव्हर काढून घातला,
जुनं रेकॉर्डिंग पुसलं.
त्याचा तसा संबंधच नव्हता,
डिस्क वेगळी, मेमरी वेगळी,
पण गिऱ्हाइकासमोर हात हलते दिसावे लागतात.
जुनं व्हर्जन परत टाकायला गेलो
तर ते नव्या सेटिंगची फाइल उघडेना.

मग एकेक कॅमेरा तोडला.
गेट काढलं. चढतोय.
जिना काढला. चढतोय.
स्कूटी. चढतोय.
हौद काढला,
आणि आकडा जागच्या जागी उभा राहिला
शाळेत इन्स्पेक्शनला साहेब आल्यासारखा.

हौदावर काय आहे? काही नाही.
निळी ताडपत्री. तिचं एक टोक सुटलेलं.
वारा आला की उठतं, बसतं, उठतं.

अपडेटनं न विचारता एक सोय चालू केली होती:
जे हलेल ते कोण आहे ओळखायचं,
आणि चौकटीतून निघून जाईपर्यंत
धरून ठेवायचं.
माणूस येतो, जातो. कुत्रं येतं, जातं.
ताडपत्री कुठं जाणार?
दर फडफडीला त्याला वाटलं, कुणी आलंय.
एका दिवसात एकोणीस हजार आलेले,
गेलेला एकही नाही.

एक खूण काढली असती की भागत होतं.
पण बाई म्हणाल्या, "र्‍हाऊ द्या की.
माणूस वळखूलालंय तर चांगलंच हाय."
मग मागच्या दारानं गेलो,
ते टोक गंजक्या गजाला सुतळीनं बांधलं, दोन गाठी.
हाताला शेवाळाचा वास.
दुरुस्तीचे किती लावायचे सुचेना.
सुतळीही त्यांचीच.

हात धुवायला आत गेलो, तर तांब्याभर पाणी मोजून ठेवलेलं.
भिंतीवर कॅलेंडर, चौकटीत पेन्सिलीनं:
नळ ३.१०. चाळीस मिनिटं. गढूळ.
नळ ४.२५. वीस मिनिटं. बरं.
महिन्यात तीन नोंदी.
बाकी सगळ्या चौकटी कोऱ्या.

"आज पाळी हाय नळाची," त्या म्हणाल्या,
"रातच्याला तुमच्या फोनवर बघत र्‍हावा."

पावणेचारला उठून बसलो.
बायको कूस बदलत म्हणाली, कोण गेलं?
आकडा सहाशे बारा.
करड्या अंधारात हौद. ताडपत्री गप्प.
मग त्या आल्या, बॅटरी काखेत, पदर खोचलेला.
बांधलेलं टोक त्यांनी सोडलं नाही,
दुसरीकडून दुमडलं,
हात कोपरापर्यंत आत घालून पाणी कुठवर आलं ते बघितलं.
त्यांच्याभोवती पिवळी चौकट,
वर अक्षरं: अनोळखी व्यक्ती.
सहाशे तेवीस.

बराच वेळ उभ्या होत्या, पाइपाकडे कान देऊन.
मग डाव्या कडेनं निघून गेल्या.

मी आकड्याकडे बघत राहिलो.
सहाशे एकवीस.
सहाशे सतरा.
सहाशे तेरा.
आणि तिथंच थांबला.