पुस्तक नंबर एक, पान दोनशे चौदा

मूळ कागद कल्लव्वा काकीच्या ट्रंकेत होता.
उंदरांनी त्याची पूर्वेकडची सीमा खाल्ली,
पश्चिमेचा ओढा तेवढा शाबूत.
नागेंद्र हुंद्रेनं नेमका पूर्वेचाच बांध
आठ हात अलीकडे रेटला.
काकी म्हणाली, उंदीर त्यांच्याच घरचे असणार.

खानापूरच्या रजिस्ट्रार कचेरीत
नकलेची फी भरून तीन सोमवार गेलो.
चौथ्याला शिपायानं खांद्यावरून उतरवलं
पुस्तक नंबर एक, सन अडतीस,
पालीच्या अंड्यांसकट.
कुणा कारकुनानं टाकानं, घाई न करता
अख्खं खरेदीखत उतरून ठेवलेलं.
उंदरांना याचा पत्ता नव्हता.

मोडी मला बापाकडून आली,
जसा कुणाला दमा येतो.
मी ते बाळबोधीत लिहिलं,
कोर्टाच्या भाषांतरकारानं कानडीत.
फणस झाला हलसिन मर.
गुंठे गुंठेच राहिले.

साक्षीदार दोन, एक गुरव, एक कासार.
समन्स बजावायचं तर स्मशानात.
नागेंद्रचा वकील म्हणाला, हे खरं कोण सांगणार?
न्यायाधीशांनी चष्मा पुसला.
दस्त नोंदलेला आहे, तीस वर्षांहून जुना,
जिथं असायला हवा तिथूनच आलेला.
खोटा असेल तर तुम्ही तसं दाखवा.

मग अंगठ्यांचं पुस्तक उघडलं.
भरमू हुंद्रे, निशाणी डाव्या हाताचा अंगठा,
मधोमध विळ्यानं कापल्याची आडवी पांढरी रेघ.
नागेंद्र वाकून बघत राहिला.
"आज्ज्याचाच," तो पुटपुटला,
आणि त्याच्याच वकिलानं त्याला कोपर मारलं.

बांध मागं गेला.
त्या रात्री काकी म्हणाली,
"आणखीन काय लिवलंय त्यात?
सगळं वाच की.
आपल्या कामाचंच काय वाचूलालास?"

तळाशी एक ओळ होती, कोर्टात कुणी न विचारलेली:
दक्षिणेकडील फणसाची निम्मी फळे
लिहून देणार भरमू याचे घरी
दरसाल पोचती करीत जावी.

तो फणस कधीच वावटळीत पडला,
खोड कुणाच्या तरी मृदंगाला गेलं.
तरी मे महिन्यात काकीनं नंदगडच्या बाजारातून
एक कापा फणस आणवला
आणि माझ्याच डोक्यावर दिला.

"हे काय?" नागेंद्रनं दारातच अडवलं.
मी नक्कल पुढं केली.
त्यानं ओळीखाली बोट सरकवत दोनदा वाचली,
आत गेला,
विळीला खोबरेल लावून आला.
फणस उभा चिरला
आणि अर्धा माझ्या हातात परत ठेवला.
"निम्मीच लिहिलंय की," म्हणाला.

घरी येईतो चीक कोपरापर्यंत.