अंदाजे

झेन्सव्हिलच्या पुलाला तीन हात आहेत.
नवख्याला रस्ता सांगताना इथली माणसं म्हणतात,
पुलाच्या मधोमध जा आणि डावीकडे वळा.
त्याच पुलाखाली, एक्क्याऐंशीच्या मार्चमध्ये
बर्फ वितळल्यावर ती सापडली.

कागदावर: स्त्री. अंदाजे वय वीस ते पंचवीस.
उंची पाच फूट तीन. एक दाढ चांदीनं भरलेली.
मोहरीच्या रंगाचा स्वेटर, हातानं विणलेला,
डाव्या कोपराला दुसऱ्याच लोकरीचं रफू.
नावाच्या रकान्यात आडवी रेघ.
गावानं वर्गणी काढून दगड बसवला,
त्यावर एकच तारीख कोरली, सापडल्याची.

मी हे काम रात्री करते, भांडी यंत्रात लावून झाली की.
पैसे मिळत नाहीत.
नवरा विचारतो, तुझी कोण लागते ती?
तेच तर शोधतेय, ती कोणाची कोण लागते.
नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात.
ती ऋषी नव्हती,
आणि नदीनं तर तिला स्वतःहून आणून दिलं.

मांडीच्या हाडातून चिमूटभर भुकटी,
भुकटीतून न संपणारी अक्षरांची ओळ,
ओळीला कुठे कुठे जुळणारी माणसं:
सास्काचेवानमधले एक निवृत्त गुरांचे डॉक्टर,
टोलीडोच्या एक बाई, ज्यांना नाताळात तपासणीचं किट भेट मिळालं
आणि आपण किती टक्के आयरिश, एवढंच जाणून घ्यायचं होतं.
यंत्र म्हणतं: कझिन, दूरचे.
इंग्रजीचं एवढ्यावर भागतं.
माझं भागत नाही. चुलत की मावस? आते की मामे?
कोणाच्या पोटची, कोणाच्या ओटीत दिलेली?
रक्त खोलात जात नाही. रक्त म्हणतं,
आहे काहीतरी, बघ तू.

मग चर्चच्या वह्या, जनगणनेचे तक्ते, एक घटस्फोट,
एकाच नावाचे तीन पॅट्रिक,
त्यातल्या दोघांच्या मागे मी तीन आठवडे फुकट हिंडले.
शेवटी मृत्यूच्या बातम्यांची दोन कात्रणं.
बाप गेला तेव्हा: मागे पत्नी आणि पाच मुली.
आई गेली तेव्हा: मागे चार मुली.
पाचवी ना आधी गेलेली, ना मागे राहिलेली.
त्या ओळीवर मी बोट ठेवलं
आणि चहा गार होईपर्यंत उचललं नाही.

फोन मी करायचा नसतो. तो डेप्युटी लॅम्बर्टनं केला.
थोरली बहीण, अर्डिस, चौऱ्याहत्तर वर्षांची.
घरं दोनदा बदलली, फोन नंबर बदलू दिला नाही.
ती रडली नाही म्हणे. म्हणाली,
"तो स्वेटर माझा होता. न विचारता घालून गेली.
मी दारातून ओरडले, आणून दिल्याशिवाय तोंड दाखवू नकोस."
मग कितीतरी वेळ लाइन नुसती चालू.
मग, "रफू मीच केलं होतं. पिवळी लोकर संपली होती."
मग, "तो मिळेल का मला?"

मिळणार नाही. मारणारा कोण ते अजून ठाऊक नाही,
म्हणून स्वेटर पुरावा आहे,
तपकिरी कागदात, तळघरातल्या फडताळात.

सुतक कळल्या दिवसापासून धरायचं, आत्या सांगायची,
पण वर्ष उलटल्यावर कळलं तर नुसती आंघोळ पुरे.
चाळीस वर्षांचं काय, ते तिला कोणी विचारलं नव्हतं.

रात्री दोन वाजता मी डोक्यावरून पाणी घेतलं.
केस निथळत बाहेर आले तर नवरा उठून बसलेला.
कोण गेलं?
डार्ला, म्हटलं.
कधी?
ऐंशीच्या हिवाळ्यात. अंदाजे.