मागचं पाऊल

शेनफडू हवालदार सांगायचे तेव्हा
त्याचं नाव दर खेपेला थोडं झिजायचं.
रेंबिश, रेंबीस, शेवटी रामभीस.
पारोळ्याच्या जिभेवर तेवढंच टिकलं.

पोलंडचा कॅप्टन. पट्टीचा तलवारबाज.
रशियाच्या कोठडीची लांबी तीन पावलं.
तेवढ्यात रोज पुढे दोन, मागे दोन,
हातात काहीच नाही.
थंडीनं दोन बोटं नेली,
पावलं नेता आली नाहीत.

मग इराण, मग इटली,
मग इस्पितळाच्या तंबूत शेजारशेजारच्या खाटा.
यांची मांडी फुटलेली,
त्याचा उजवा हात कोपरापासून गेलेला.
एकाची भाषा दुसऱ्याला शून्य.
कॅप्टननं डाव्या हातात चमचा धरला
अन् यांच्या छातीवरच्या गुंडीला टेकवला,
बरोबर मधोमध.
दोघं हसले. शिकवणी सुरू.

मी नऊ वर्षांची. किल्ल्याचा कोरडा खंदक,
दोघांच्या हातात तुरकाठ्या.
माझ्या तोंडाला आईची चाळणी, सुतळीनं आवळलेली,
नाकात बाजरीचं पीठ,
समोर हजार भोकांचा एक म्हातारा.
"हात नको देखू, पोरी, पाय देख.
पुढे कोनीबी जास.
मांगे सरकनं येवाले पाहिजे."

आधी काठी हनुवटीशी नेऊन सलाम,
ज्याला टोचायचं त्यालाच.
अन् घाव लागला
तर ज्याला लागला त्यानंच सांगायचं.
मी खोटं बोलले एकदा.
त्यांनी काठी खाली ठेवली,
आठ दिवस खंदकात आले नाहीत.

आता साठी उलटली माझी.
बाजारात कुणी अंगावर आलं
की आधी मागचं पाऊल हलतं.
लोकांना वाटतं, घाबरली.

त्या साली मार्चात इंग्लंडहून पुडकं आलं.
चिठ्ठी पोस्टमास्तर खैरनारांनी वाचली,
अडखळत, चष्मा पुसत:
कॅप्टन हॉटेलात बशा विसळायचा, एका हातानं.
गाव नकाशात दुसऱ्या देशात गेलेलं,
म्हणून परत गेला नाही.
फेब्रुवारीत वारला.
सामानात हा चमचा निघाला,
कागदात गुंडाळलेला, वर तुमचा पत्ता.

हवालदारांनी चमचा डाव्या हातात घेतला,
स्वतःच्या गुंडीला टेकवला.
"लागना," म्हणाले.

जरा वेळानं माझ्याकडे न बघता:
"चाळनी घरी दे, पोरी.
तुनी मायले पीठ चाळनं व्हई."