तीन रिंगा

हरिपूरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी चिंचा होत्या
आणि आमच्यात सायकल एकच.
सन्मती पुढच्या नळीवर, मी सीटवर.
चिंचा वाटताना मात्र दोन वाटे त्याचे, एक माझा,
कारण दगड त्याचा लागायचा.

त्यांच्या रानात हळदीचं पेव होतं.
तोंड उघडलं की लगेच कुणी उतरत नसे.
बाळूअण्णा आधी दोरीला कंदील बांधून सोडायचे,
आम्ही पालथे पडून बघायचो.
ज्योत बारीक झाली की अण्णा म्हणायचे,
"हवा मेलीय आत. थांबा."
आणि सगळे थांबायचे,
विड्या ओढत, कुणाच्या तरी सोयरिकीचं बोलत.
पेवावर कुणी रागवत नसे.

अकरावीत सन्मती थांबला.
एकदम नाही.
आधी क्लास, मग क्रिकेट, मग केस विंचरणं.
रात्रभर टक्क जागा, दिवसभर भिंतीकडे तोंड.
आई म्हणाली, अभ्यासाचा ताण.
मामांनी उपास सांगितला.
मी सतरा वर्षांचा शहाणा,
म्हणालो, "चल की लेका, भडंग खाऊ, सगळं विसरशील."
"चवच लागत नाही रे. मिठाचीसुद्धा."
मग बऱ्याच वेळानं,
"मी नसलो तर सायकल तू घे."

कुणाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली त्यानं.
आमच्यात शपथ कधी मोडली नव्हती,
चौथीतल्या गुरुजींच्या छत्रीचीसुद्धा.
आयर्विन पुलापर्यंत सायकल हातात धरून चालत गेलो,
तसाच परत आलो.
बसवलंच नाही तिच्यावर.
रात्री त्यांच्या दारात काकांना सांगून टाकलं.
त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग सायकलीकडे.
हातातला रेडिओ चालूच होता,
तो तसाच घेऊन ते आत पळाले.

मग मिरजेचे डॉक्टर, गोळ्या,
आणि माझ्याशी अबोला.

फोनचा आमचा एक जुना खेळ होता.
तीन रिंगा देऊन ठेवायचं,
म्हणजे, मी आहे घरी. पैसे पडत नाहीत.
रोज सातला मी तीन रिंगा दिल्या.
"उचलत नाहीत तर कशाला?" आई म्हणायची.
उचलू नयेत म्हणूनच, हे तिला कसं सांगू?

सेहेचाळिसाव्या दिवशी आमचा फोन वाजला.
एक.
दोन.
मी हात मागे बांधून उभा.
तिसरी वाजलीच नाही.
दोन म्हणजे काय,
हे आमचं कधी ठरलंच नव्हतं.

आता जयसिंगपुरात त्याचं पंपांचं दुकान आहे.
पेव पुरात बुजलं.
अर्धी गोळी अजून चालू आहे,
माझ्यासमोर घेतो, चहा निवायची वाट बघत.
शपथेचं मात्र अधूनमधून काढतोच.
"सांगितलंस ना तू?"
"सांगितलं."
"मग गेली तुझी सायकल."