मानस

बत्तीस वर्षं दुर्भाटच्या खाजनात
मी मानशीची दारं सांभाळली.
भरतीला ती आपणहून मिटतात, ओहोटीला उघडतात,
माणसानं फक्त कान द्यायचा.

म्हणून बांबोळीला, रात्री अकराच्या पुढे,
पडद्यावर प्रेमावतीचं हृदय दाखवलं
तेव्हा मी आधी पाणी कुठून येतं ते पाहिलं.
काळी शाई तिन्ही वाटांनी धावली,
फांदी, फांदीची फांदी, टोकाची काडी,
कुठेच अडली नाही.

जावई हसला. 'गॅस असणार, फणस खाल्ला असेल.'
फणस तिनं खाल्ला नव्हता.
आदोळीवर बसून शेवट्यांची खवलं काढत होती,
घाम फुटला, जबडा धरला,
एक शेवटा मांजरानं नेला.

डॉक्टर कार्दोज पोरसवदा, पायांत सपाता.
म्हणाली, 'रक्तात खूण आहे, काका. अटॅक आलाच होता.
बारीक वाटा या फिल्मवर दिसत नाहीत.'

मी मान हलवली. मला कुर्ल्या ठाऊक आहेत.
दारं ठणठणीत, तळ साफ,
आणि आतलं भात पिवळं पडत जातं.
बांध चालत गेलं की सापडतं
चिखलात बोटाएवढं बीळ,
रात्रीचं खारं पाणी तिथून येतं, कुणाला न सांगता.

दर अमावास्येला, दर पुनवेला
बॅटरी घेऊन मी तो बांध चाललो.

माघात तिची बहीण गेली, वास्कोला.
आम्ही पोचलो ते थेट तेराव्याला;
त्या आठवड्यात बांध फुटत होता.
ती काही बोलली नाही.
परत आल्यावर भात वाढला, हुमण वाढलं,
मीठ बरोबर होतं.

कार्डावर 'नॉर्मल' लिहून मिळालं.
शेजारीण सांगून गेली, 'काही नव्हतं म्हणे, देव पावला.'
प्रेमावती गोळ्यांची पाकिटं लावत होती.
'काही नव्हतं,
मग दुखलं ते कोणाचं?'

संध्याकाळी भरती लागली.
लांबून दारं मिटल्याचा आवाज आला, एक जरा उशिरा,
बिजागरी पाहायला हवी.
मी गेलो नाही.
पायरीवर तिच्याशेजारी बसलो आणि विचारलं,
सुमती लहानपणी कशी होती?

'आधी दिवा लावा,' ती म्हणाली, 'डास येतात.'
मग बऱ्याच वेळानं,
'पेरू चोरायची.
मार मी खायची.'