सतरा तारा

आधी काळी.
बाकी सोळांना कितीही घाई असू दे, आधी काळी,
पॅकच्या ऋण टोकाला, नट आधी हाताने, मग पान्याने.
कनेक्टर बोर्डापासून लांब, टेबलाच्या त्या कडेला,
चुकून खोचला जाऊ नये म्हणून त्यावर
शेंगाचटणीचा प्लास्टिकचा डबा पालथा.

अक्कलकोट रोड, पत्र्याची शेड, मे महिना.
समोर नाना.
माग भंगारात गेले त्याला नऊ वर्षं झाली,
अंगठ्यावरची सुताची खाच गेली नाही.

तेव्हा मी त्यांना धागे द्यायची.
वहीफणीच्या या बाजूला मी, त्या बाजूला ते.
हूक आत यायचा, मी धागा अडकवायची,
हूक परत जायचा.
हजार. दोन हजार. दिवे लागायचे.
एक चुकला तर चादरीतल्या मोराच्या मानेतून
उभी रेघ, शेवटच्या वारापर्यंत.

आता बोल्टपाशी मी, तारा ते देतात.
ओकटी, रेंडु, मूडु.
नाना मोजतात तेलुगूत, भांडतात मराठीत.
पदहारु, म्हणाले, आणि पाणी प्यायला उठले.

मग मल्टिमीटर. काळा प्रोब काळ्या तारेवर,
लाल एकेक घर पुढे.
तीन तीन. सहा सहा. नऊ नऊ.
तेरा दोन. सोळा पाच.
शाळेत कुणी न शिकवलेला पाढा.
सातव्या घरात सव्वीस चार.
आठव्यात तेवीस एक.

डब्याखालचा कनेक्टर तसाच खोचला असता तर
एक बारीक टिक, एक वास,
आणि तीन हजार आठशे रुपये.
नानांनी चष्मा पुसला.
"पंख्यानं तारा हलल्या," म्हणाले.
मीही पंख्यालाच बोलले.

दुपारी मैनोद्दीन नदाफ आले, गमछा भिजवून डोक्यावर.
मोबाइलवर बोर्ड सापडला.
सेलची वरची हद्द तीन पासष्ट, मी तीन पंचावन्न केली.
खालची दोन ऐंशी.
चार्जिंगसाठी तापमान : पंचेचाळीस.
अजून एक अँपिअरही वाहिला नव्हता,
आणि सेन्सर त्रेचाळीस दाखवत होता.

"हे कुठल्या थंड गावचं हाय? पासष्ट कर की ताई.
जुनं बी असंच दुपारी चार्जिंग घेत नव्हतं,
सात रस्त्यावर दोन तास नुसता उभा."
एक आकडा. अंगठ्याचा एक स्पर्श.
"रात्री लावा," मी म्हणाले, "नवानंतर."
"रात्री बायको कूलर लावती. एकच प्लग हाय."

आकडा मी बदलला नाही.
अडीच स्क्वेअरची सहा मीटर वायर कापली,
एक सॉकेट दिलं, बिलात धरलं नाही.
वायर घेतली त्यांनी. हसले नाहीत.
पॅक उद्या न्या, म्हटलं, आज रात्र इथे राहू दे.

रात्री पत्रा निवताना तडतडतो.
पडद्यावर सोळा खांब, पंधरा सारखे.
"झालं?" नाना खाटेवरून.
"अकरावा मागे आहे."
"बाकीचे?"
"भरले. थोडी थोडी वीज गरम करून सोडतायत,
तो येईपर्यंत."

बराच वेळ काही नाही. मला वाटलं झोपले.
मग अंधारातून, हजेरी घेतल्यासारखं,
"पदकोंडु."

फरक चाळीस मिलिव्होल्ट.
अडतीस.