अक्कलदाढ

नारिनमध्ये जानेवारीत नदी गोठते,
आणि रात्री फोन फार मोठ्याने वाजतो.
दीड वाजता ठाण्यातून: डॉक्टर, एक तोंड बघायचंय.
वय ठरवायचं, सही करायची. दहा मिनिटांचं काम.

गाडी पाठवतो म्हणाले. मी चालत गेले,
खिशात आरसा, हातमोजे,
आणि माझं स्वतःचं पेन.

कॅप्टन तालायने चहा ओतून ठेवला होता,
कागदही भरून ठेवला होता.
एर्मेक. गाडीची बॅटरी चोरली. वय अठरा.
आठाच्या खाली दुसरा एक आकडा होता,
त्याच्यावर हा आठ बसवलेला, शाई दाबून.
अठरा लिहिलं की आईला कळवावं लागत नाही,
आणि कॉरिडॉरच्या शेवटचं दार उघडता येतं.

आ कर, म्हटलं.
त्याने आधी तालायकडे पाहिलं,
मग तोंड उघडलं.

दुसरी दाढ नुकतीच वर आलेली,
मागची कड अजून हिरडीखाली.
अक्कलदाढेचा पत्ता नाही.
मी तसं मोठ्याने म्हणाले, तर तालाय म्हणाला,
अक्कल असती तर बॅटरी चोरली असती का?
दारातल्या शिपायाने दात काढले.
माझी बत्तीस वर्षं लोकांचे दात काढण्यात गेली,
मला हसू आलं नाही.

वरचा पुढचा दात अर्धा नव्हता.
कड काचेसारखी, जिभेला लागून रक्त.
जर्दाळूची बी फोडली, पोरगा म्हणाला,
पाठ केलेल्या कवितेच्या चालीवर.
बी दाढेखाली फोडतात, बाळा.
पुढच्या दातांनी कोणीच फोडत नाही,
खारसुद्धा नाही.
मला तोंडापुरतंच बोलावलं होतं.
पण तोंडाच्या शेजारी कान असतो,
आणि तो कान सुजून जांभळा झाला होता.

आता सांगायचं ते हे, की
या तालायचा पहिला दुधाचा दात मीच काढला.
सहा वर्षांचा होता, बोंब मारून दवाखाना डोक्यावर घेतलेला.
मी दात पावाच्या तुकड्यात गुंडाळून त्याच्या मुठीत दिला:
कुत्र्याला घाल, नवा येईल, कुत्र्यासारखा मजबूत.
धावत गेला होता.
त्याची आई माझी मावसबहीण.
आपलेच दात, आपलेच ओठ.
तिच्या हातचा चहा समोर निवत होता.

मी लिहिलं: तेरा ते चौदा. अठरा नाही.
लिहिलं: दात मारामुळे तुटलेला, आजचा. उजवा कान.
तालाय म्हणाला, मावशी, फक्त वय विचारलं होतं.
मी म्हणाले, मुलाशेजारी त्याचं मोठं माणूस बसल्याशिवाय
एक प्रश्नही विचारायचा नाही,
हे तुमच्याच भिंतीवर लावलंय,
त्या कुस्तीच्या कॅलेंडरमागे.
त्याच्या आईला बोलवा. तोवर मी इथेच आहे.

बाकावर बसले. बाक थंड होता.
गुडघे दुखत होते, भीतीही वाटत होती,
माझा दवाखाना याच रस्त्यावर आहे.
समोर तालाय गालाच्या आत जीभ फिरवत बसला,
डावीकडे, जिथे मी भरलेली दाढ आहे.
कोणी काही बोललं नाही.
शेवटी त्यानेच फोन उचलला.
साल्किन नावाच्या बाईला उठवायला
सात रिंगा लागल्या.

तेव्हा पोराने मोजा खाली केला.
घोट्यापाशी लपवलेला दाताचा तुकडा
माझ्या हातमोज्यावर ठेवला,
आणि हळूच, तालायला ऐकू जाऊ नये असं:
आमच्याकडे कुत्रा आहे. याला घातला तर येईल ना?

हा पक्का दात होता.
मी लिफाफा काढला, तुकडा आत टाकला,
जीभ लावून बंद केला.
वर त्याचं नाव, तारीख,
पहाटेचे तीन वाजून दहा मिनिटं.
तो अजून माझ्याकडे बघत होता,
तोंड उघडं ठेवून,
कोणी आ कर म्हटलेलं नसताना.